‘जय’ : एका वाघाची कीर्ती आणि भंडाऱ्याचे पर्यटन

१/ १८ एप्रिल २०१६. भंडारा जिल्ह्यातील पवनीच्या जंगलात फिरणाऱ्या एका वाघाच्या गळ्यातील रेडिओ कॉलरचा संकेत त्या दिवशी थांबला आणि पुन्हा कधीच आला नाही. वाघाचे नाव होते ‘जय’. त्या वेळी देशात त्याच्याइतकी छायाचित्रे निघालेले वाघ मोजकेच असतील. त्याचा मृतदेह सापडला नाही, कातडे सापडले नाही, कॉलरही सापडली नाही.

२/ सारा देश ज्याला ओळखत होता, असा प्राणी नाहीसा कसा होऊ शकतो, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात सर्वत्र विचारला गेला. त्याच्या आड दुसरा एक प्रश्न होता. जयला ज्या वेगाने प्रसिद्धी मिळाली, तिचा त्याच्या जंगलाला आणि जंगलाकाठच्या गावांना काय उपयोग झाला? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर भंडाऱ्याच्या पर्यटनाचा इतिहास पन्नास वर्षे मागे जाऊन पाहावा लागतो.

३/ भंडारा हा मुळात तलावांचा आणि धानाचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, मालगुजारी काळातील पाटबंधारे आणि त्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या ही या मुलखाची जुनी ओळख. मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले; तरी ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव हा शब्द आजही गावोगावी रूढ आहे. येथे बाहेरचा माणूस येई तो बाजारासाठी, तेंदूपत्त्याच्या व्यापारासाठी किंवा सरकारी कामासाठी. केवळ पाहण्यासाठी येणारा विरळाच.

४/ १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य घोषित झाले. १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले. तेव्हा ही दोन्ही जंगले भंडारा जिल्ह्यातच होती. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि या वनांचा मोठा भाग त्या जिल्ह्यात गेला. साकोलीकडून पिटेझरीमार्गे नागझिऱ्यात शिरणारी वाट मात्र भंडाऱ्याचीच राहिली.

५/ या जंगलांची पहिली जाहिरात कोणत्याही खात्याने केली नाही. ती साहित्यिकांनी केली, तीही नकळत. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या विश्रामगृहात मुक्कामाला राहिले, एकट्याने जंगल वाचत हिंडले आणि त्यातून ‘नागझिरा’ हे पुस्तक झाले. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या नवेगावच्या वास्तव्यातून ‘नवेगावबांधचे दिवस’ आले. पुढे पक्षिनिरीक्षक किरण पुरंदरे वर्षाहून अधिक काळ नागझिऱ्यात राहिले आणि ‘सखा नागझिरा’ लिहिले गेले.

६/ पुण्या-मुंबईच्या कितीतरी वाचकांनी भंडारा हे नाव प्रथम या पुस्तकांमुळे मनात साठवले. पुस्तक वाचून नागझिऱ्याला निघालेला माणूस आधीच काही गोष्टी जाणून असे : तेथे वीज नाही, मुक्काम साधा आहे, वाघ दिसेलच असे नाही. त्याने मनात योजलेल्या जंगलात पाणवठा होता, रानकुत्री होती, अस्वल होते, झाडे होती आणि जंगलात काम करणारी माणसेही होती.

७/ याच सुमारास जगात दुसरीकडे पर्यटन हा अभ्यासाचा विषय होऊ लागला होता. अमेरिकन अभ्यासक क्लेअर गन यांनी १९७२ मध्ये एक उपयुक्त भेद मांडला. एखाद्या स्थळाची प्रतिमा दोन मार्गांनी तयार होते. पुस्तके, वृत्तपत्रे, ऐकीव गोष्टी यांतून ती सहज घडत जाते. किंवा पर्यटक यावेत म्हणून ती हेतुपुरस्सर घडवली जाते. नागझिऱ्याची प्रतिमा पहिल्या प्रकारची होती.

८/ १९८० मध्ये भूगोलतज्ज्ञ रिचर्ड बटलर यांनी पर्यटनस्थळाचे जीवनचक्र मांडले. आधी तुरळक शोधक प्रवासी येतात. मग स्थानिक लोक त्यांची सोय करू लागतात. पुढे बाहेरचे भांडवल येते, गर्दी वाढते. एका टप्प्यावर स्थळाची धारणक्षमता संपते. तेथून ते घसरते किंवा नव्याने उभे राहते. १९९० मध्ये समाजशास्त्रज्ञ जॉन अरी यांनी ‘पर्यटकाची नजर’ ही संकल्पना पुढे आणली. प्रवासी काय पाहणार हे त्याने घर सोडण्यापूर्वीच चित्रांनी ठरवलेले असते, असा त्याचा आशय.

९/ १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाने ‘शाश्वत विकास’ हा शब्द जगाच्या तोंडी बसवला. शाश्वत पर्यटनाची कल्पना त्यातूनच फुटली. तिच्या कसोट्या तीन : निसर्गाची हानी होऊ नये, स्थानिकांना न्याय्य लाभ मिळावा आणि व्यवसाय दीर्घकाळ टिकावा. भंडाऱ्याची पुढची कथा या तीन कसोट्यांवर तपासून पाहता येते.

१०/ नव्या शतकात प्रवासाची साधने बदलली. २००२ मध्ये ‘अतुल्य भारत’ मोहीम सुरू झाली. त्याच वर्षी रेल्वेचे तिकीट संगणकावरून काढण्याची सोय झाली. पुढील दशकात हॉटेल, गाडी आणि जंगल सफारीसुद्धा घरबसल्या आरक्षित होऊ लागली. पूर्वी नागझिऱ्याच्या मुक्कामासाठी वनखात्याच्या कार्यालयाकडे अर्ज करून उत्तराची वाट पाहावी लागे. आता काही मिनिटे पुरेशी झाली.

११/ २०१२ हे या मुलखासाठी महत्त्वाचे वर्ष. त्या वर्षी नागपूर जिल्ह्यातील उमरेड, कुही, भिवापूर आणि भंडारा जिल्ह्यातील पवनी या तालुक्यांतील सुमारे १८९ चौरस किलोमीटर वनक्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. उमरेड–पवनी–कऱ्हांडला असे त्याचे लांबलचक नाव. एका अंगाला गोसीखुर्द धरणाचे पसरलेले पाणी, उरलेल्या बाजूंना शेते आणि गावे. विदर्भातील जुन्या जंगलांच्या मानाने हे अभयारण्य लहान आणि अनोळखी होते.

१२/ त्याच वर्षी २४ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनावर अंतरिम बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये ती उठली. पण राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे सोबत आली. गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटन, वाहनांच्या संख्येवर मर्यादा आणि वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर, अशा अटी त्यांत होत्या. धारणक्षमता हा पुस्तकी शब्द प्रथमच जंगलाच्या फाटकापर्यंत पोचला.

१३/ २०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि भंडाऱ्यातील कोका ही क्षेत्रे एकत्र जोडून नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. उमरेड–कऱ्हांडला मात्र साधे अभयारण्य राहिले. आणि त्याच वर्षी नागझिऱ्यातून एक तरुण नर वाघ बाहेर पडला.

१४/ वयात आलेला नर वाघ आईच्या मुलखातून निघून स्वतःचा प्रदेश शोधतो. यात नवल नाही. नवल त्याच्या वाटेचे होते. नागझिरा वैनगंगेच्या पूर्वेला, कऱ्हांडला पश्चिमेला. मध्ये राष्ट्रीय महामार्ग, धानाच्या बांध्या, वस्त्या, कालवे आणि स्वतः वैनगंगा. हे सारे ओलांडून तो उमरेड–कऱ्हांडल्यात येऊन स्थिरावला. वाघांच्या संचारमार्गांचे महत्त्व सांगणारा याहून बोलका दाखला शोधूनही मिळाला नसता.

१५/ ‘शोले’तील जय-वीरू या जोडीवरून त्याचे नाव ‘जय’ पडले; त्याचा भाऊ वीरू. धिप्पाड शरीर, वजन सुमारे २५० किलो सांगितले जाई. माणसांच्या वाहनांना तो बुजत नसे. रस्त्याने संथ चालत येई, गाड्यांसमोर बसे. छायाचित्रकाराला हवा असलेला प्रत्येक गुण त्याच्यात होता.

१६/ मग छायाचित्रे फिरू लागली. फेसबुकवरील वन्यजीवप्रेमींचे गट, सफारी घडवणाऱ्या संस्थांची पाने, रिसॉर्टच्या जाहिराती, वृत्तवाहिन्या, सर्वत्र जय. ‘आशियातील सर्वांत मोठा वाघ’ हे बिरुद त्याला कोणी दिले हे ठरवणे अवघड आहे. रानातील वाघांना अशा रीतीने तोलण्याची व्यवस्था कुठेच नाही, हा विचार त्या बिरुदाच्या आड आला नाही.

१७/ ज्या अभयारण्याचे नाव नागपूरबाहेर फारसे ठाऊक नव्हते, तेथे लोक दूरवरून येऊ लागले. जिप्सी आल्या, गावातील तरुण गाइड झाले, राहण्याच्या सोयी उभ्या राहू लागल्या. बटलर यांच्या चक्रातील पहिले दोन-तीन टप्पे, ज्यांना अन्यत्र दशके लागली, ते येथे दोन-तीन हंगामांत उरकले.

१८/ या प्रतिमेचे वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. ती गन यांच्या दोन प्रकारांपैकी कोणत्याही एकात नीट बसत नाही. कोणा खात्याने तिचा आराखडा केला नव्हता. जो पर्यटक जय पाहून परतला, त्यानेच छायाचित्र टाकून पुढच्या पर्यटकाला बोलावले. पाहणारा आणि जाहिरात करणारा एकच झाला. अशा जाहिरातीला खर्च नसतो, म्हणून तिला मर्यादा घालणारा कोणी मालकही नसतो.

१९/ पुस्तकाने आणलेला वाचक जंगल पाहायला येई. छायाचित्राने आणलेला पाहुणा जय पाहायला येई. चौकटीत वाघाचा चेहरा मावत होता. जेथून तो आला तो नागझिऱ्याचा संचारमार्ग मावत नव्हता, जेथे तो गुरे मारत असे ते पवनी तालुक्यातील शेत मावत नव्हते, आणि त्या गुरांचा मालकही मावत नव्हता.

२०/ प्रत्यक्षात जय अभयारण्याच्या सीमेत राहणारा वाघ नव्हताच. नर वाघाच्या मानानेही त्याचा संचार मोठा होता. अभयारण्याबाहेरचे प्रादेशिक वन, शेतशिवार, नदीकाठ, पुढे ब्रह्मपुरीकडील जंगल, असा त्याचा वावर. या अभ्यासासाठी २०१५ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने त्याला रेडिओ कॉलर लावली. ती निकामी झाल्यावर मार्च २०१६ मध्ये दुसरी बसवली. दुसरीचा संकेत महिनाभरात थांबला.

२१/ शोध सुरू झाला. वनखाते, स्वयंसेवी संस्था, गावकरी यांनी जंगले पालथी घातली. शेजारच्या जिल्ह्यांत, शेजारच्या राज्यांत विचारणा झाली. जय दिसल्याच्या वावड्या उठत आणि विरत राहिल्या. प्रकरण संसदेच्या सदस्यांपर्यंत गेले, राज्याच्या वनमंत्र्यांनी केंद्रीय अन्वेषणाची मागणी केली. निष्कर्ष निघाला नाही. शिकार, विजेचा धक्का, विषबाधा, दुसऱ्या वाघाशी झुंज, सारे तर्क तर्कच राहिले.

२२/ जयच्या आधी नऊ-दहा महिने असाच प्रकार आफ्रिकेत घडला होता. जुलै २०१५ मध्ये झिंबाब्वेच्या ह्वांगे उद्यानाबाहेर ‘सेसिल’ नावाच्या सिंहाची शिकार झाली. त्याच्याही गळ्यात संशोधकांची कॉलर होती. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी या घटनेला मिळालेल्या प्रतिसादाचाच अभ्यास केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार, सर्वोच्च दिवशी समाजमाध्यमांवर सेसिलचा उल्लेख ८७ हजारांहून अधिक वेळा झाला होता. हा क्षण आहे की चळवळ, असा त्या निबंधाचा प्रश्न होता.

२३/ त्याच २०१६ च्या ऑगस्टमध्ये रणथंभोरची ‘मछली’ वाघीण म्हातारपणाने मरण पावली. तिच्यावर फुले वाहून सन्मानाने अंत्यसंस्कार झाले. सेसिल, मछली, जय : तिघेही एका नव्या काळाचे प्राणी. व्याघ्र संवर्धनाच्या आरंभी वाघ ही एक जात होती, तिच्या संख्येची चिंता केली जाई. आता एकेका प्राण्याला नाव, चरित्र आणि चाहते मिळाले होते.

२४/ नाव मिळण्याचे लाभही होते, हे नाकारता येत नाही. जय निनावी असता तर त्याच्या नाहीसे होण्याची दोन ओळींचीही बातमी झाली नसती. विदर्भातील अभयारण्यांबाहेरचे वाघ किती असुरक्षित आहेत, हा विषय त्याच्यामुळेच चव्हाट्यावर आला. संचारमार्गांवरील रस्ते, कालवे, वीजवाहक कुंपणे यांची चर्चा झाली. प्रसिद्धीने येथे एक काम निश्चित केले.

२५/ पण ती चर्चा टिकली किती? जयचा एक बछडा ‘श्रीनिवास’. त्यालाही कॉलर होती. एप्रिल २०१७ मध्ये, म्हणजे वडिलांचा संकेत थांबल्यानंतर वर्षभराने, नागभीड परिसरात तो मृत आढळला. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी कुंपणात सोडलेल्या विजेने त्याचा बळी घेतला होता आणि देह शेतात पुरण्यात आला होता.

२६/ २०१८ च्या डिसेंबरअखेर पवनी परिक्षेत्रात विषबाधेने वाघ मेले. १ जानेवारी २०२१ रोजी याच अभयारण्याच्या परिसरात एक वाघीण आणि तिचे बछडे मेलेले आढळले. मारल्या गेलेल्या जनावराच्या कलेवरात विष कालवले होते. मारणारा कोणी आंतरराष्ट्रीय तस्कर नव्हता. गोठ्यातले जनावर गमावलेला शेजारचा शेतकरी होता. कायद्याने तो गुन्हेगार आहे आणि त्याबद्दल दुमत असू नये. मात्र त्याने हे का केले, याचे उत्तर पर्यटनाच्या जमाखर्चातच दडलेले आहे.

२७/ हा जमाखर्च एका संशोधनाने मांडला आहे. कृती कारंथ आणि रूथ डीफ्राइज यांनी भारतातील १० संरक्षित क्षेत्रांच्या पर्यटनाचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पर्यटकसंख्या वर्षाला सरासरी सुमारे १५ टक्के दराने वाढत होती. पर्यटकांच्या निवासव्यवस्थांपैकी ७२ टक्के २००० नंतर बांधलेल्या होत्या आणि ८५ टक्के उद्यानाच्या ५ किलोमीटरच्या आत होत्या.

२८/ त्याच अभ्यासातील आणखी एक आकडा विसरता येत नाही. उद्यानापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लोकांपैकी या निवासव्यवस्थांत रोजगार मिळालेल्यांचे प्रमाण एका टक्क्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी होते. गर्दी गावाच्या वेशीवर, गल्ला दुसरीकडे. उमरेड–कऱ्हांडला त्या १० क्षेत्रांत आहे असा दावा नाही. पण जंगलाकाठच्या गावांना त्या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

२९/ पवनी तालुक्यातील एखाद्या गावाची कल्पना करावी. चार घरांतील तरुण जिप्सी चालवतात किंवा गाइड आहेत. त्यांना वाघ हवा आहे. उरलेल्या घरांचे जगणे धान, गुरे आणि मोहफुले यांवर आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला जाणाऱ्या बाईला त्याच वाघाची धास्ती आहे. सकाळच्या सफारीची गाडी आणि तिची टोपली एकाच वेळी एकाच रानात शिरतात. छायाचित्र फक्त गाडीतून निघते.

३०/ जयनंतरही अभयारण्याला नवे चेहरे मिळत गेले. सप्टेंबर २०१६ पासून मोबाइल इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले आणि छायाचित्राची जागा चित्रफितीने घेतली. जयच्या काळात पर्यटक संध्याकाळी मुक्कामी परतून छायाचित्र टाकत असे. आता चित्रफीत रानाच्या फाटकाबाहेर पडताच जगभर जाऊ लागली. गाइड आणि चालक यांच्यावरचा दबावही त्या प्रमाणात वाढला : वाघ दिसलाच पाहिजे, आणि जवळून दिसला पाहिजे.

३१/ ३१ डिसेंबर २०२४. गोठणगाव भागात ‘एफ-२’ ही वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर होती. सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी तिची वाट अडवली. बछड्यांना घेऊन तिला बाजूला होता येईना. ही चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरली आणि संतापाची लाट उसळली. संबंधित चालक व गाइड यांच्यावर निलंबनाची आणि दंडाची कारवाई झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने बातम्यांची स्वतःहून दखल घेतली.

३२/ या घटनेतील विरोधाभास बोलका आहे. ज्या चित्रफितीच्या हव्यासाने गाड्या जमल्या, त्याच चित्रफितीने त्यांना उघडे पाडले. गाड्यांतील पर्यटकांच्या हातांतील मोबाइल एकाच वेळी अपराधाचे कारण आणि अपराधाचा पुरावा ठरले. शिक्षा मात्र साखळीतील सर्वांत शेवटच्या माणसाला, म्हणजे गावच्या चालकाला आणि गाइडला अधिक बसली. ज्याने पैसे मोजून वाघाचा आग्रह धरला, तो पाहुणा सुटी संपवून घरी गेला.

३३/ नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेट प्रकरणी निर्देश देताना व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन क्षेत्रांत मोबाइल वापरास मनाई केली. २०१२ साली नियमांचा विषय गाड्यांची संख्या हा होता. २०२५ साली तो पर्यटकाच्या हातातील यंत्रापर्यंत आला. बारा-तेरा वर्षांत पर्यटनाची समस्या कशी पालटली, हे या दोन तारखा सांगतात.

३४/ आता नजर जंगलावरून पवनी गावाकडे वळवावी. १९६९–७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूर येथे प्राचीन स्तूपांचे अवशेष मिळाले, ब्राह्मी लेख असलेले शिल्पखंड मिळाले. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगाकाठचे हे नगर दूरच्या यात्रेकरूंना ठाऊक होते.

३५/ कऱ्हांडल्याच्या सफारीसाठी येणाऱ्यांपैकी किती जण पवनीची तटबंदी आणि टेकडी पाहतात? अगदी थोडे. जिल्ह्यात कोका आहे, आंबागड किल्ला आहे, शेकडो तलाव आहेत, त्यांवर हिवाळ्यात येणारे पक्षी आहेत. यांपैकी कशालाही नाव आणि चेहरा असलेला नायक नाही. समाजमाध्यमाला चेहरा लागतो. ज्याला चेहरा नाही ते नकाशावर असूनही दिसत नाही.

३६/ गोसीखुर्दच्या जलाशयाचे उदाहरण तर अधिकच विचारात पाडणारे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली. अनेक गावे पाण्याखाली गेली, पुनर्वसनाच्या तक्रारी दशकानुदशके चालल्या. आज त्याच विस्तीर्ण पाण्याकडे जलपर्यटनाचे स्थळ म्हणून पाहिले जाते. सूर्यास्ताच्या छायाचित्रात ते पाणी सुंदर दिसते. ज्यांची घरे त्याखाली आहेत, त्यांना नावाडी, मार्गदर्शक, मालक म्हणून त्या पर्यटनात किती वाटा मिळतो, यावर त्याचे शाश्वतपण ठरेल.

३७/ पन्नास वर्षांचा हा प्रवास एकत्र पाहिला तर एक सूत्र दिसते. भंडाऱ्याची प्रतिमा जितक्या वेगाने पसरत गेली, तितकी ती अरुंद होत गेली. पुस्तकात अख्खे जंगल मावले. छायाचित्रात एक वाघ मावला. चित्रफितीत त्या वाघाचे काही क्षण मावले. प्रत्येक टप्प्यावर येणाऱ्यांची संख्या वाढली आणि येथील माणसे चौकटीच्या अधिकाधिक बाहेर गेली.

३८/ यावर उपाय प्रसिद्धी बंद करणे हा असू शकत नाही; जिप्सी चालवणाऱ्या त्या चार घरांची चूलही तिच्यावरच पेटते. प्रश्न चौकट रुंद करण्याचा आहे. वाघाबरोबर संचारमार्गाची कथा सांगितली जाणे, सफारीच्या उत्पन्नाचा ठरीव वाटा गुरांच्या भरपाईला आणि सुरक्षित कुंपणांना वेळेवर मिळणे, एका फाटकावरची गर्दी तलावांकडे आणि पवनीच्या टेकडीकडे वळणे. संशोधक ज्याला शाश्वत पर्यटन म्हणतात, त्याचा भंडाऱ्याच्या भाषेतील अर्थ इतकाच आहे.

३९/ जय शेवटचा दिसला तो मोहाच्या हंगामात, एप्रिलमध्ये. त्याची हजारो छायाचित्रे आजही आंतरजालावर आहेत. ती कशानेही पुसली जाणार नाहीत. नागझिऱ्याहून वैनगंगा ओलांडून पवनीकडे येणारी त्याची वाट मात्र कोणी टिपली नव्हती. पुढचा तरुण वाघ त्याच वाटेने येईल. ती वाट आणि तिच्या काठची शेते सुरक्षित राहिली, तरच त्याच्या आगमनाला अर्थ राहील.